दिवसाचं पाणी

"खालची पायरी आपल्या सगळ्यांची झालेलीच आहे, असं धरून चालू," पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या त्रिकोणाची तळाची पट्टी त्यांनी हातातल्या लेझरच्या लाल ठिपक्यानं झटकन ओलांडली, रस्त्यातलं डबकं ओलांडावं तशी. जुन्नरच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून आपापल्या दुकानांतल्या कामगारांसाठी हा कार्यक्रम ठेवला होता. 'मानसिक आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व विकास' असं बाहेर फ्लेक्सवर लिहिलेलं. मंगल कार्यालयाचा हॉल, मार्च संपत आलेला, वर पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. चौथ्या रांगेतल्या द्रौपदाला ते 'धरून चालू' खटकलं. पायात काटा मोडावा आणि चार पावलं चालल्यावर कळावं, तसं खटकलं. पट्टीवर लिहिलं होतं, अन्न, पाणी, झोप, निवारा, शरीरधर्म. मॅडम तोवर वर गेल्या होत्या. सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, आणि जिथं त्रिकोण निमुळता होत टिंबाएवढा उरतो तिथं 'स्वतःचा विकास'. द्रौपदा खालीच राहिली होती. तिनं आजूबाजूला पाहिलं. कार्यक्रमवाल्यांनी प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली ठेवली होती. पुरुषांच्या बाटल्या केव्हाच अर्ध्या झाल्या होत्या, काहींच्या पायाशी रिकाम्या लोळत होत्या. बायकांच्या हातात मात्र बाटली दिसत नव्हती. पर्समध्ये, पिशवीत, ओढणीखाली. शेजारी बसलेली मोहिनी तिच्याच दुकानात कामाला होती, सव्वीस वर्षांची, चार वर्षांत दहा वेळा 'ताप आला' म्हणून रजा घेतलेली. तिनंही बाटली पिशवीत घातली होती. "घरी पोरीला होईल," ती मघाशी म्हणाली होती. अख्ख्या हॉलमधल्या तीस-चाळीस बायकांपैकी एकीनंही झाकण उघडलं नव्हतं, आणि हे कुणी ठरवून केलं नव्हतं. द्रौपदाचा हात स्वतःच्या पिशवीत गेला. सील तुटल्याचा बारीक आवाज झाला. ती पाणी प्यायली. एक घोट, दुसरा, मग थांबलीच नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा मोहिनी तिच्याकडे अशी बघत होती, जणू हिनं भर मांडवात काहीतरी वावगं केलं होतं.

एकवीस वर्षं तिनं दिवसाचं पाणी प्यायलं नव्हतं. भिमाजीशेठच्या कापड दुकानात पहिल्या दिवशी लागली तेव्हा तिथली जुनी बाई तिला गादीवर साडी कशी फेकायची, घडी कशी मोडायची ते शिकवत होती, आणि त्याच सुरात तिनं हेही शिकवलं होतं. सकाळी चहा अर्धा कप. डब्यात भाजी सुकी, कालवण संध्याकाळी घरी. निघताना पाण्याचे दोन घोट, तेसुद्धा गोळी घ्यायची असली तर. "आन लागलीच तर?" बावीस वर्षांच्या द्रौपदानं विचारलं होतं. "न्हाई लागत. अंग शिकतं," ती बाई म्हणाली होती. अंग शिकलं. खरं तर आपल्या गावी, डिंगोऱ्यात, लहानपणीच ते निम्मं शिकून आलं होतं. तेव्हा त्यांच्या वस्तीत एकाही घराला संडास नव्हता. आई पहाटे अंधारात तिला ओढ्याकडे घेऊन जायची, आणि परत येताना तांबडं फुटू लागलं की तिच्या पाठीत बोट टोचून म्हणायची, "दीस उगावला की बाईला अंग नसतंय. ध्यानात ठेव." शाळेत सातवीपर्यंत ते ध्यानात ठेवून ती बसली. वर्गात फळ्यावरची अक्षरं हलायची, ती मुठी आवळायची. पुढे गावातच लग्न झालं, घरात संडास आला, फरशी बसली, नळ आला, तरी दिवसाच्या पोटात ते बोट टोचलेलंच राहिलं. दुकानात संडास होता. वरच्या माळ्यावर, कोऱ्या मालाच्या कपाटांमागे. त्याला कुलूप होतं आणि किल्ली शेठच्या गल्ल्यामागच्या खिळ्याला. शेठ जायचे, कधीमधी शेठाणीबाई आल्या तर त्या. पुरुष नोकर मागच्या बोळात भिंतीकडे तोंड करायचे. बायकांसाठी एसटी स्टँड होतं, जाऊन यायला अर्धा तास, आणि अगदीच जीवावर बेतलं की त्या एकमेकींना सांगायच्या, "मॅचिंग बघून येते." धाग्याचं मॅचिंग, ब्लाऊजपीसचं मॅचिंग. एकवीस वर्षांत बाजारपेठेतून किती मॅचिंग बघून झालं असेल!

पाव तासात बाटली बोलू लागली. द्रौपदा उठली. हॉलच्या मागे बायकांचा संडास आहे अशी पाटी तिनं येतानाच वाचली होती, जागा अंगानंच टिपून ठेवली होती, कुठंही गेलं तरी ते आधी टिपायचं. दार आतून लागत होतं. कडी नवी होती, सरकताना खट् असा ठाम आवाज झाला. फरशी ओली पण स्वच्छ, बादलीत पाणी, उंचावरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन समोरच्या टाइल्सवर पडलेलं. त्या उन्हाकडे बघत ती बसून राहिली. भरदुपारी, अंगात कुठलीही घाई नसताना, दार बंद करून एकटी. असं शेवटचं कधी घडलं होतं ते तिला आठवेना. आणि मग तिला रडू आलं, त्याचं तिलाच हसू आलं. बाई, रडतेस कशाला? पण ओटीपोटात वर्षानुवर्षं आवळून धरलेली एक मूठ उघडत होती, आणि ती मूठ तिथं आहे हेच तिला आजवर कळलं नव्हतं. तिला वाटायचं पोट असंच असतं, पाठ अशीच दुखते, तीननंतर डोक्यात असाच हातोडा पडतो. डॉक्टरांनी टेन्शनच्या गोळ्या दिल्या होत्या. मन रमवा, म्हणाले होते. विहारात ध्यानाला बसा, असं जावेनं सांगितलं होतं. ती बसलीही. श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. तिचं सगळं लक्ष श्वासाच्या वीतभर खाली जाऊन थांबायचं.

परत येऊन बसली तर हॉल बदललेला. म्हणजे हॉल तोच, पण मॅडमचे शब्द आता एकेक करून वेगळे ऐकू येत होते. कागद वाटले जात होते. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? एका वाक्यात लिहा. नाव लिहिण्याची गरज नाही.' मोहिनीनं लिहिलं, मुलीला चांगल्या शाळेत. पुढच्या रांगेतल्या हार्डवेअरवाल्या पोरानं लिहिलं, स्वतःचं दुकान. द्रौपदानं पेन हातात धरलं. तिला स्वप्नं पडत नसत अशातला भाग नव्हता. पण तीननंतरच्या तिच्या दिवसांत काही पाहायला जागाच नसायची, सगळी नजर घड्याळाकडे, सातची डिंगोरेमार्गे जाणारी गाडी, गाडीचे धक्के, घरचा उंबरा. तिनं खाली वाकून सावकाश, सातवीत असताना काढायची तशा वळणदार अक्षरात लिहिलं, 'दुपारी दोन वाजता, बाथरूममध्ये.' वाचून तिला वाटलं, खोडावं. खोडलं नाही.

मॅडमनी कागद गोळा केले आणि मधूनमधून एकेक मोठ्यानं वाचू लागल्या. शाळा, दुकान, चारचाकी, टाळ्या. मग त्या एका कागदावर थांबल्या, हसल्या, आणि वाचून मोकळ्या झाल्या. हॉल खदखदून हसला. पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, हे द्रौपदानं पाहिलं. "हे कुणी गंमत केलीय?" मॅडमनी विचारलं. द्रौपदा उभी राहिली.  "मी लिहिलंय. गंमत नाही केली. मॅडम, ती खालची पायरी तुम्ही धरून चालू नका. आमच्यातल्या निम्म्या बायका सकाळपासनं पाणी प्यायलेल्या नाहीत. वाटल्यास बाटल्या बघा." कुणी बाटल्या बघितल्या नाहीत. पण पर्सवरचे, पिशव्यांवरचे हात जरा घट्ट झाले, आणि ते मॅडमना स्टेजवरून दिसलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या दुकानात सोय नाही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. पहिल्या रांगेत भिमाजीशेठ बसले होते. त्यांची मान वळली नाही, फक्त कानांमागची कातडी लाल झाली. "सोय आहे," द्रौपदा म्हणाली. "कुलूप आहे." मॅडम म्हणाल्या, मी याची नोंद घेते, आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं. डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला एक माणूस.

भिमाजीशेठ वाईट माणूस नव्हते. हे मनाशी म्हणताना द्रौपदाला थोडी चीड यायची, कारण ते खरं होतं. पंचावन्नीचे, मऊ बोलणारे, कामगारांना अहोजाहो करणारे. तिच्या लेकीला, प्रतीक्षाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे त्यांनीच आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडून झाल्यावर त्यांनी तिला गल्ल्यापाशी बोलावलं. "ताई, मला सांगायचं ना. चारचौघांत बोललात, मला कसं वाटलं असेल?"

"आता सांगते, शेठ. किल्ली द्या."

"आता तुम्हाला म्हाईतीय. वडलांनी दुकान बांधलं तवा बाया व्हत्याच कुठं कामाला? वर सगळा कोरा माल. पाच वर्षांमागं पाइप फुटला, पैठण्यांचं कपाट भिजलं, तुमीच तर वाळत घातल्या व्हत्या. सारखी ये-जा, सारखं पाणी, मला धसकाच बसलाय." ते बोलताना आपोआप गावच्या बोलीत उतरले, म्हणजे मनापासून बोलत होते. "इतकी वर्षं चाललंच ना?"

"चाललं नाही. आम्ही चालवलं."

"बघू," शेठ म्हणाले. या 'बघू'चा अर्थ द्रौपदाला गिऱ्हाइकांकडून पाठ होता. तीस साड्या उलगडायला लावून माणसं 'बघू' म्हणतात आणि चपला शोधतात. ती काउंटरमागे गेली, पिशवीतून लिटरची बाटली काढली, आणि गादीच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. साडेअकरापर्यंत निम्मी प्यायली. मग एका नवरा-बायकोला सुती साड्या दाखवत असताना ती उठली. मोहिनीनं नेहमीच्या सवयीनं खालच्या आवाजात विचारलं, "मॅचिंगला का, मावशी?" द्रौपदा म्हणाली, "नाही गं. लघवीला जाऊन येते. स्टँडवर. अर्धा तास लागंल."  तो नवरा छताकडे बघू लागला. शेठच्या हातातला पेन वहीवर थबकला. एका साध्या शब्दानं एवढी मोठी माणसं अशी दचकतात? दुकानाच्या पायऱ्या उतरून ती बाजारपेठेच्या उन्हात आली. चालताना तिनं मान खाली घातली नाही. मोटारसायकली हॉर्न देत होत्या, भांड्याच्या दुकानातल्या पितळेवर ऊन फुटत होतं. दुपारचं ऊन जुन्नरच्या पेठेत कसं पडतं हे तिनं एकवीस वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं.

रोज दोनदा ती तशी जायची आणि रोज तसंच सांगून जायची. घरी कपिलला, तिच्या नवऱ्याला, ही गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून कळली. तो टेम्पोवर टोमॅटो वाहायचा, त्याला सगळा तालुका ओळखायचा. ताटावर बसता बसता तो म्हणाला, "सगळीकडं बोलत्यात राव. तुजी बायको भर दुकानात काय बोलती म्हनं. काम गेलं मंजी?"

"गेलं तर गेलं. आवं, तुमी टेम्पो कुठंबी हुबा करता. झाडामागं जाता. तुमाला कुनी कवा काय म्हनलं?"

कपिल घास चावत राहिला. जरा वेळानं म्हणाला, "न्हाई. तसं काय न्हाई म्हनलं." आणि पुन्हा, स्वतःशीच बोलावं तसं, "मला कवा इचारच आला न्हाई त्येचा." तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. एवढं त्याचं बास होतं.

मात्र तिचं स्वतःचं तेवढ्यावर भागेना. दोन आठवडे गेले आणि तिच्या लक्षात येऊ लागलं की तीन वाजतात आणि हातोडा पडत नाही. चार वाजतात, पाच वाजतात, आणि ती तशीच असते, सकाळी होती तशी. गिऱ्हाइकानं पंचविसावी साडी मागितली तरी आतून काही उसळत नाही. एका बाईनं नुसता रंग सांगितला, पिकत आलेल्या चिंचेचा, आणि द्रौपदाचा हात बरोबर त्या कपाटाकडे गेला. विसराळू म्हणून शेठ तिला हसायचे, तीच ती. मग तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती धास्ती. इतकी वर्षं सगळे तिला तुसडी म्हणत आले होते. सासू म्हणायची, जाऊ म्हणायची, ती स्वतःही म्हणायची, माझा स्वभावच आहे तसा. आता हा स्वभाव दोन लिटर पाण्यात विरघळत चालला होता, तर एवढे दिवस घरात वावरली ती कोण होती? प्रतीक्षा नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी दारात आडवी आली होती. आई, बघ ना, आई, वही दाखवत, हसत. द्रौपदाला तिच्या अंगावरून संडासाकडे पळायचं होतं. तिनं पोरीच्या मुस्काटात मारली होती. वहीत काय होतं ते आजवर विचारलं नव्हतं. गाडीच्या खिडकीशी बसून ती हिशोब लावू पाहायची, की त्या थपडेत आपण किती आणि ती तहान किती, आणि तो हिशोब लागत नसे. हात तर माझाच होता ना? एकदा तर तिनं मनात अगदी उघड म्हटलं, एकवीस वर्षांतलं माझं किती आणि माझ्या लघवीचं किती, हे मला कोण वाटून देणार आहे? आणि राग आला. तो आता नीट, स्वच्छ राग होता, डोकं न दुखवता येणारा. त्याला तोंड होतं, तो शेठकडे बघत होता, त्या खिळ्याकडे बघत होता, शिकवून गेलेल्या त्या जुन्या बाईकडे आणि आईच्या बोटाकडेही बघत होता.

तिचे वडील, पोपटबाबा, गवंडीकाम करायचे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असायचं तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं म्हणायची, द्रौपदाला वाचू द्या, तिचा आवाज खणखणीत हाय. सहावी-सातवीतली ती पान पान वाचायची, बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. लग्नानंतरही काही वर्षं ती वाचत होती. मग दुकान आलं. संध्याकाळी पान उघडलं की दोन ओळींत डोळे चुरचुरायचे. लोकांनी आग्रह करणं सोडलं, तिनंही. आता एका रविवारी दुपारी तिनं फळीवरचं पुस्तक काढलं आणि कपिल झोपलेला असताना आधी मनात, मग हळूहळू मोठ्यानं वाचू लागली. पंधरा पानं झाली. कपिल जागा होऊन कुशीवर पडल्या पडल्या ऐकत होता. बाबा असते तर काय म्हणाले असते ते तिला ठाऊक होतं. तळ्याच्या पाण्यासाठी आपली माणसं एकदा चालत गेली होती, हे त्यांनी तिला भाकरीच्या घासाबरोबर भरवलं होतं. आणि त्यांच्या लेकीनं एकवीस वर्षं, कुणी हंडा हिसकावून घेतलेला नसताना, मुकाट तहान राखली.  त्या आठवड्यापासून तिनं मोहिनीच्या मागे लागायला सुरुवात केली. मोहिनी म्हणायची, "मावशी, तुमचं चाललं. मला शेठ काढून टाकतील." तिला ताप का येतो ते द्रौपदाला माहीत होतं, दुकानातल्या चारही बायकांना माहीत होतं. उन्हाळी लागायची, थेंब थेंब आग व्हायची, आणि रजेच्या चिठ्ठीवर ताप लिहिलं जायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक मोठा बस्ता आला. नवरीकडचे जुन्नरचे, नवरदेवाकडचे पार आणे पठारावरून दोन जीप करून सकाळी निघालेले. दोन्हीकडच्या मिळून अठरा बायका. गादी भरून गेली. शालू, नऊवारी, मानपानाच्या साड्या, आहेराचे पीस. अकरा, बारा, एक. चहा आला तर निम्म्या बायकांनी कप नुसता हातात धरून ठेवला. द्रौपदाला ते दिसलं. तिला आता ते सगळीकडे दिसायचं. नवरदेवाची आजी साळुबाई, सत्तरीची, वाळल्या शेंगेसारखी, बाजूला भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे पाय एकमेकांवर घट्ट होते. दीड वाजता द्रौपदानं हातातल्या शालूची घडी घातली आणि रोजच्या आवाजात सांगितलं, "मी लघवीला जाऊन येते. स्टँडवर जावं लागतं, अर्धा तास लागंल. तोवर मोहिनी दाखवंल."

"आगं थांब, थांब," साळुबाई भिंतीला धरून उठू लागली. "मलाबी यायचंय. मगापस्नं जीव चाललाय. कुटं मनलीस?"

"लांब हाय, आजी. ऊन लई हाय."

"आन हितं न्हाई?" म्हातारीनं वर, खाली, काचेच्या कपाटांकडे, झुंबरासारख्या दिव्यांकडे पाहिलं. "येवढं मोटं दुकान आन हितं न्हाई?"

"हाये. कुलूप हाये."

साळुबाई शेठकडे वळली. "काय रं बाबा. आमच्या पठारावर पानी न्हाई म्हनून आमी पीत न्हाई. तुमच्याकडं धरनं हायेत, नळ हायेत, आन ह्या पोरी पीत न्हाईत व्हय? ह्यो कंचा दुस्काळ रं तुमचा?" कुणीतरी मागून म्हणालं, मलाही जायचंय. मग दुसरी. नवरी मुलगी स्वतः, लाजत. एकेक हात वर झाला नाही, पण एकेक कप खाली ठेवला गेला, आणि अठरा बायका साड्यांकडे बघायच्या थांबून गल्ल्याकडे बघू लागल्या. भिमाजीशेठनी सगळ्यांवरून नजर फिरवली. द्रौपदापाशी ती थांबली. त्यात राग नव्हता. घरात पावसाचं पाणी शिरताना माणूस उंबऱ्याकडे बघतो तसं काहीतरी होतं. ते उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि म्हणाले, "ताई, न्या आजींना वर."

बस्ता साडेपाचला झाला. मंडळी गेल्यावर दुकान विस्कटलेल्या ताटासारखं पसरलं होतं. शेठनी द्रौपदाला बोलावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. "ही तुमच्यापाशीच ठेवा आता. तुमच्यापुरती. जुन्या आहात, विश्वास आहे. बाकीच्यांना नको, समजून घ्या. गिऱ्हाईक मागंल तवा द्या." किल्ली हातात ऊबदार लागली, दिवसभर हातोहात फिरलेली. द्रौपदानं मूठ मिटली. मिळालं. तिच्या मनात खरोखर एवढंच आलं, मिळालं, आता गप बस. तिची पाठ, तिचं डोकं, तिचे पाच वाजताचे डोळे, सगळं तिला परत मिळालं होतं. त्रिकोणाच्या खालच्या पट्टीवर तिला एकटीपुरती बसायला जागा करून देत होते. काउंटरच्या पलीकडे मोहिनी शालूंच्या घड्या घालत होती. ती वर बघत नव्हती. ऐकलं होतं सगळं, आणि बघत नव्हती, कारण तिला ते साहजिक वाटलं होतं. ते तिचं साहजिक वाटणं द्रौपदाला सहन झालं नाही. तिला बावीस वर्षांची एक मुलगी आठवली, 'आन लागलीच तर' विचारून पुढे गप्प झालेली. "बरं," द्रौपदा शेठना म्हणाली, आणि पिशवी उचलून बाहेर पडली. गाडीला अवकाश होता. भांड्यांच्या दुकानांच्या पाठीमागे बोळात कुलूपवाला बसतो, त्याच्यासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "हिच्या तीन करून द्या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मोहिनी जिना चढून वर गेली. शेठनी तिला जाताना पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं, मग द्रौपदाच्या कमरेला खोचलेल्या किल्लीकडे पाहिलं. गादीवर दोन गिऱ्हाइकं होती. ते उठून काउंटरपाशी आले आणि आवाज खाली ठेवून म्हणाले, "ताई, हे बरोबर नाही. तिच्याकडं कुठून आली?"

"मी करून दिली. तिघींना दिली."

"मी विश्वासानं दिली होती."

"म्हणूनच वाटता आली, शेठ."

"मी कुलूप बदलीन."

"बदला. कुलूपवाला बोळातच बसतो."

 भिमाजीशेठ बोटांनी काउंटरची काच पुसत राहिले. "आणि तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हटलं तर?" हे त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचाच आवाज चाचरला. द्रौपदाला वाटलं होतं, हा प्रश्न आला की पोटात ती जुनी मूठ आवळेल. ती वाट बघत राहिली. आवळली नाही. तिनं बाटलीचं झाकण काढलं, दोन घोट सावकाश घेतले, झाकण लावलं.

"तर माझी किल्ली परत न्यायला तुम्हाला डिंगोऱ्याला यावं लागंल," ती म्हणाली. "या. बोलायचं ते मग बोलू. आधी पाणी देईन."

वरच्या माळ्यावरून कडी सरकल्याचा आवाज आला, मग पाणी सोडल्याचा, भरदुपारी, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. समोरच्या दोन्ही गिऱ्हाइकांनी वर पाहिलं. द्रौपदानं पाहिलं नाही. तिनं पुढची साडी उचलली आणि एका झटक्यात गादीभर उलगडली.